शिवणकाम येणाऱ्या बाईला शेअर बाजार शिकवायला लावणारा मेसेज

‘यूट्यूब आणि ब्लॉगवरून घरबसल्या कमाई : विषय निवडण्याचे सहा नियम’ असा एक लांबलचक मेसेज सध्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. त्यातले नियम थोडक्यात असे. आवड बघू नका, आरपीएम (हजार व्ह्यूजमागची कमाई) बघा, म्हणून फायनान्सच घ्या. मराठीत करू नका, हिंदीत करा. ज्ञान लागत नाही. एआयकडून स्क्रिप्ट आणि आवाज घ्या, रोज पाच व्हिडिओ टाका. एकच विषय धरा, बदलला की चॅनेल मेलं. व्हिडिओतलं तेच ब्लॉगवर चिकटवा, कमाई दुप्पट. आणि तीन महिन्यांत नोकरी सोडा. खाली अर्थातच एका कोर्सची लिंक.

हा मेसेज माझ्या मावसबहिणीपर्यंत पोचला. ती बार्शीला घरी ब्लाउज शिवते, आजूबाजूच्या मुलींना कटिंग शिकवते. ‘घरचं शिवणकाम’ या विषयावर चॅनेल काढायचं तिच्या मनात होतं, दोन व्हिडिओ तयारही होते. ते बाजूला ठेवून ती आता ‘शेअर मार्केट सोप्या भाषेत’ करणार म्हणते. शेअर ठेवायला लागतं ते डीमॅट खातंसुद्धा तिचं नाही. म्हणून हे लिहितोय.

पहिला नियम सगळ्यात घातक आहे, त्यामुळे त्यावरच जास्त बोलतो. त्यातली अर्धी गोष्ट खरी आहे, ती मान्य करून टाकू. आरपीएम म्हणजे 1000 व्ह्यूजमागे, यूट्यूबचा वाटा वजा जाऊन, आपल्या हातात पडणारी रक्कम. पैशांच्या विषयांवर ती बहुधा जास्त असते, कारण तिथे जाहिरात देणारे बँका, विमा कंपन्या, ब्रोकर असतात आणि एक नवा ग्राहक मिळवायला त्यांना बराच खर्च परवडतो. पण जाहिरातीचा दर लिलावात ठरतो. बघणारा कोण, कुठल्या देशातला, कुठल्या भाषेत बघतोय, सणासुदीचे दिवस आहेत की नाहीत, यावर तो हलतो. विषयाचं नाव बदललं म्हणून कोणी ठरलेला दर हातात ठेवत नाही. आणि दर कितीही असला तरी आधी कोणीतरी ते बघायला हवं. शेअर बाजारावर बोलणाऱ्यांत सीए आहेत, वीस-वीस वर्षं बाजारात घालवलेले लोक आहेत. त्यांना सोडून माझ्या बहिणीचं कोणी का ऐकावं?

याहून मोठी गोष्ट कायद्याची. मेसेजमध्ये लिहिलंय, ‘व्हिडिओखाली फक्त शैक्षणिक हेतूने असं टाका, काही होत नाही.’ होतं. गुंतवणूक सल्लागारांसाठी सेबीचे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, 2013 चे नियम आहेत, रिसर्च अ‍ॅनालिस्टसाठी (शेअरचा अभ्यास करून शिफारस करणाऱ्यांसाठी) 2014 चे. नोंदणी नसताना अमुक शेअर घ्या, तमुक विका असं सांगता येत नाही. त्यापुढे 29 जानेवारी 2025 चं सेबीचं परिपत्रक वाचा. नोंदणी नसताना सल्ला देणाऱ्या किंवा परताव्याचे दावे करणाऱ्या माणसाशी ब्रोकर, म्युच्युअल फंड अशा नोंदणीकृत संस्थांनी पैशाचा किंवा ग्राहक पाठवण्याचा संबंध ठेवायचा नाही, असं त्यात स्पष्ट आहे. फक्त शिक्षण देणाऱ्याला मोकळीक आहे, पण तीही अटीवर : मागच्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरून, एखाद्या शेअरचं नाव किंवा टोपणनाव घेऊन, पुढचा भाव किंवा शिफारस सुचवायची नाही. मेसेज ज्याला ‘व्हायरल फॉर्म्युला’ म्हणतो तो नेमका हाच आहे : ‘उद्या वाढणारे तीन शेअर’, खाली डीमॅट उघडायची लिंक आणि त्यावरचं कमिशन. म्हणजे ज्या उत्पन्नाच्या आशेने विषय बदलायचा, त्याचीच वाट अडवलेली आहे.

आणि नुकसान कोणाचं होणार? तिचे पहिले प्रेक्षक म्हणजे तिच्याकडे ब्लाउज टाकणाऱ्या बायका, भिशीतल्या मैत्रिणी, चुलत सासरे. तिच्या आवाजावर विश्वास ठेवून त्यातल्या कोणी पीक विकून आलेले पैसे ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअर बाजारातल्या फार जोखमीच्या सौद्यांमध्ये, घातले तर? व्हिडिओ डिलीट करता येईल. गावात तोंड दाखवायचं ते तिलाच.

विषय कसा निवडावा, यावर माझं म्हणणं एकच आहे. व्हिडिओखाली एखादी बाई प्रश्न विचारेल, त्यावर उलट प्रश्न विचारेल, तेव्हा ज्या विषयात तुम्हाला कुठेही न शोधता उत्तर देता येतं तो विषय तुमचा. ‘कटोरी ब्लाउज छातीवर नीट बसतो, पण मुंड्याला (बाहीच्या जोडाला) चुण्या का पडतात?’ हे माझ्या बहिणीला फोटो बघून कळतं. गळा खांद्यावरून का उतरतो, 80 सेंटिमीटरच्या ब्लाउजपीसमध्ये मोठं माप आणि लांब बाही कशी बसवायची, पैठणीचा काठ दोन्ही बाह्यांवर सारखा कसा आणायचा, हे तिने शेकडो बायकांची मापं घेऊन शिकलेलं आहे. पैशांवरच बोलायचं असेल तर तेही तिच्याजवळ आहे : शिलाईचा दर कसा ठरवायचा, अस्तर, हूक, धागा आणि विजेचा खर्च त्यात कसा धरायचा, ओळखीतल्या बाईला उधारीला नाही कसं म्हणायचं. घरी शिवणाऱ्या कितीतरी जणी हे शोधत असतात आणि त्यांना हे एखादा सीए सांगू शकणार नाही.

हिंदीचं म्हणाल तर प्रेक्षक मोठा आहे, यात वाद नाही. पण स्पर्धाही तेवढीच मोठी आहे. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8.3 कोटी लोक होते. हा बाजार लहान म्हणायचा का? अ‍ॅडसेन्स या गूगलच्या जाहिरातसेवेच्या मान्य भाषांमध्ये मराठी आहे, त्यामुळे ब्लॉगवरही अडत नाही. मधुरा बाचल यांच्या मराठी रेसिपींना लाखो सबस्क्रायबर आहेत, भाडिपा (भारतीय डिजिटल पार्टी) हे विनोदी चॅनेल 2016 पासून मराठीत उभं आहे. माझी बहीण हिंदीत बोलायला लागली की मुंडा, टक्स, पट्टी हे शब्द अडखळतात आणि तिची पकडच सुटते.

‘ज्ञान लागत नाही, एआय करेल’ हा नियम वाचून तर संताप आला. एआयची मदत घ्यायला यूट्यूबची मनाई नाही, हे खरं. पण 15 जुलै 2025 पासून यूट्यूबने कमाईच्या धोरणातली भाषा अधिक स्पष्ट केली : घाऊक पद्धतीने बनवलेला, एकाच साच्यातला मजकूर कमाईला पात्र नाही. रोज पाच व्हिडिओ, एकच यंत्राचा आवाज, मागे विकत घेतलेली चित्रं, याला दुसरं काय म्हणायचं?

एकच विषय धरा, हे सुरुवातीला बरोबर आहे, कारण चॅनेल कशाचं आहे ते बघणाऱ्याला कळायला हवं. बदलला की चॅनेल मरतं, हे मात्र खोटं आहे. यूट्यूब शिफारस करतं ती एकेका प्रेक्षकाला काय आवडतं ते पाहून. त्यामुळे घट्ट धरायचा तो प्रेक्षक. घरी शिवणारी बाई समोर ठेवली तर कटिंग, मशीनचे टाके का सुटतात, बॉबिनचा ताण कसा जुळवायचा आणि दर कसे लावायचे, हे सगळं एकाच चॅनेलवर चालतं.

ब्लॉगवर व्हिडिओतलं जसंच्या तसं चिकटवण्यात काही अर्थ नाही. शोधात वर दिसण्यासाठी ढिगाने ओतलेल्या मजकुरावर गूगलने मार्च 2024 मध्ये धोरण कडक केलं आहे. ब्लॉगवर ते टाकावं जे पुन्हा पुन्हा बघावं लागतं : मापांचा तक्ता, पेपर कटिंगची आकृती, कापडाचा अंदाज. हात कापडात गुंतलेले असताना व्हिडिओ मागेपुढे करायला कोणाला जमतं?

राहिलं तीन महिन्यांत नोकरी सोडणं. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर आणि त्याबरोबर मागच्या 12 महिन्यांत 4000 तासांचा वॉच टाइम, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे (छोट्या उभ्या व्हिडिओंचे) 1 कोटी व्ह्यूज लागतात. शॉर्ट्स फीडमधला वेळ त्या 4000 तासांत धरत नाहीत. 4000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटं. प्रत्येकाने सरासरी तीन मिनिटं बघितलं तर 80,000 व्ह्यूज, आणि तेही फक्त दारात उभं राहण्यासाठी. 500 सबस्क्रायबरवरचा एक खालचा टप्पा आहे, पण त्यात जाहिरातीचा वाटा मिळत नाही. पुढे लांब व्हिडिओंच्या जाहिरातीतले 55 टक्के आपले, शॉर्ट्सच्या वाट्यातले 45 टक्के. अ‍ॅडसेन्समध्ये 100 डॉलर जमेपर्यंत बँकेत काही येत नाही. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी तर सुरू करण्याआधी 1979 चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम बघावेत. परवानगीशिवाय जोडधंदा केला तर कारवाई होऊ शकते.

बहिणीला मी सांगितलंय की शिलाईच्या ऑर्डरी एकही कमी करू नकोस, तयार असलेले दोन्ही व्हिडिओ या आठवड्यात टाक, आणि कोर्सचे पैसे भरू नकोस. तिसरा व्हिडिओ मुंड्याच्या चुण्यांवर कर.