बाबा, जरा उतरता का?

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी आलं की मी गाडी थांबवतो आणि कुणी काही न बोलता सगळे उतरतात. आधी आई, पर्स छातीशी धरून. मग बायको आणि चिरंजीव. शेवटी बाबा, एक हात दाराला, एक गुडघ्याला. मग मी रिकामी गाडी तिरकी करून फाटकातल्या गतिरोधकावरून इंचाइंचाने काढतो आणि पलीकडे मंडळी पुन्हा स्थानापन्न होतात. मालवणचा मेव्हणा पहिल्यांदा आला तेव्हा विचारता झाला, "भावोजी, इथे चेकिंग असतं का?" पार्किंग तिथून वीस पावलांवर आहे. पण गाडीने आलोय तर गाडीनेच आत जायचं, हा आईचा आग्रह.

गाडी 14 वर्षांची सेडान. रिकामी असताना रुबाबदार, भरली की ढेकर देऊन खाली बसणारी. यंदा दसऱ्याला नवीन घ्यायची ठरली, आणि सेडान की ती उंच क्रॉसओव्हर, या प्रश्नाने घराचे दोन तट पडले.

क्रॉसओव्हर म्हणजे काय, हे मी आईला माझ्या परीने समजावलं: ओढा ओलांडायला धोतर वर खोचलेली सेडान. जुन्या जीपसारखी सांगाड्यावर बसवलेली नव्हे. आतून नेहमीची मोटारच, बहुतेकींची फक्त पुढचीच चाकं ओढतात, नुसती उंची वाढवलेली. आई म्हणाली, "मग धोतर सोडलं की झालं!" तिचा कौल सेडानला, आणि कारण बिनतोड होतं. मालवणहून येताना डिकीत सुकट असते. सेडानची डिकी वेगळ्या खोलीसारखी, दार बंद. उंच गाडीत मागच्या सीटमागे सगळा उघडा संसार. फोंडा घाटाच्या वळणांवर सुकट मानेमागे बसलीये, ही कल्पनाच मुलाला सहन होईना. शिवाय सेडान होंडा सिटीची डिकी 506 लिटर, उंच क्रेटाची 433. मी हे आकडे वाचून दाखवले तर आईने एकच विचारलं, "आंब्याच्या पेट्या किती?" ते कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं.

बाबांचा मुद्दा गुडघ्यांचा. ते एसटीतले निवृत्त कंडक्टर. सेडानमध्ये बसणं म्हणजे त्यांच्या मते विहिरीत उतरणं आणि निघणं म्हणजे पोहरा ओढणं. शोरूममधल्या पोराने उंच गाडीचं दार उघडून "काका, कमांडिंग पोझिशन मिळते" म्हटल्यावर ते सरळ कमरेने आत सरकले, गुडघा न वाकवता, आणि काचेतून खालच्या जगाकडे बघत राहिले. "तीस वर्षं दारात उभा होतो," म्हणाले, "आता बसून बघतो." त्यांचं मत तिथेच पक्कं झालं. आईला मात्र नऊवारीत ती पायरी चढता येईना. तिला खाली उतरवताना शोरूममधली तीन माणसं लागली.

मी आकडेवाला माणूस. कागदावर सगळं नीट मांडलं की वाद मिटतो, असा माझा भाबडा समज. म्हणून एका रात्री जेवणानंतर मुलाची 30 सेंटीमीटरची पट्टी आणि पायजम्याची नाडी घेऊन मी फाटकाशी गेलो. वॉचमनला नाडीचं एक टोक धरायला लावलं, दुसरं मी धरलं, आणि ताणलेल्या नाडीखाली पट्टी उभी केली. 17 सेंटीमीटर!

"साहेब, काही हरवलं का?" वॉचमनने विचारलं. मी म्हटलं, "शांती."

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे असा उंचवटा 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी हळूहळू चढावी आणि हळूहळू उतरावी. आमचा दोन फूटही रुंद नाही. सरळ वरवंटा आडवा ठेवलाय. 170 मिलिमीटरचा वरवंटा, आणि ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटापासून रस्त्यापर्यंतचं अंतर, सेडानपैकी डिझायरचा 163, सिटीचा 165. उंच गाड्यांपैकी क्रेटाचा 190, नेक्सॉनचा 208. हे आकडेही माणसं बसायच्या आधीचे.

गंमत म्हणजे सरकारलाही हाच घोळ होता. कर लावण्यासाठी एसयूव्ही, म्हणजे असली उंच गाडी, कशाला म्हणायचं, तर जुन्या अधिसूचनेतल्या शब्दांचा अर्थ असा की लोक जिला एसयूव्ही म्हणतात ती. वर चार मीटरपेक्षा जास्त लांबी, 1500 सीसीपेक्षा मोठं इंजिन आणि 170 मिलिमीटर किंवा जास्त ग्राउंड क्लिअरन्स. मग 2023 मध्ये जीएसटी कौन्सिलने ठरवलं की हा क्लिअरन्स मोजायचा तो रिकाम्या गाडीचा. आमची गाडी फक्त फाटकाशी रिकामी असते. दिल्लीतल्या कुणाला आमचं फाटक माहीत असावं, अशी मला दाट शंका आहे.

तर आकड्यांनी निकाल दिला: उंच गाडी. आईने सुकटीसाठी घट्ट झाकणाचा डबा आणि स्वतःसाठी पाट, अशा दोन अटींवर सही केली. टोकन भरायला निघालो आणि जाता जाता मुलगा पार्किंगमध्ये म्हणाला, "बाबा, ही पाटी बघितली का?"

आमचं पार्किंग दुमजली. एक गाडी खड्ड्यात, दुसरी तिच्या डोक्यावर लोखंडी फळीवर. आमचा नंबर खड्ड्यातला. खांबावर, पानाच्या पिचकाऱ्यांच्या बरोबर वर, लिहिलं होतं: वाहनाची कमाल उंची 1550 मिमी. आठ वर्षं तिथे गाडी लावतोय, कधी वाचलं नव्हतं. क्रेटा 1635. नेक्सॉन 1620. सिटी 1489, डिझायर 1525.

म्हणजे फाटकातून आत यायला एसयूव्ही हवी आणि आत आल्यावर ठेवायला सेडान. फाटक आणि खड्डा, दोन्ही एकाच कमिटीने मंजूर केलेले.

वरची फळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची. त्यांची गाडी एवढीशी, खड्ड्यात सहज मावेल. अदलाबदल करू या म्हटलं, तर म्हणाले, "आमच्या गाडीचं तोंड पूर्वेला आहे." खड्ड्यातही पूर्वेलाच राहील, असं मी दाखवलं. त्यावर त्यांनी चहा विचारला. चहा विचारला की विषय संपला, एवढं सोसायटीत राहून कळतं.

मग सेक्रेटरींकडे अर्ज दिला: गतिरोधक 10 सेंटीमीटर करावा, सोबत नाडी-पट्टीचा फोटो. त्यांनी फोटो बराच वेळ न्याहाळला. "पायजमा कुणाचा?" एवढंच विचारलं. ते स्वतः स्कूटरवरून फिरतात आणि गतिरोधकाच्या कडेला सोडलेल्या फटीतून सुळकन जातात. अर्ज आता सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. सभा कोरमअभावी तहकूब होत असते.

दसरा गेला. जुन्याच गाडीला झेंडूचा हार घातला आणि चारही चाकांखाली लिंबं ठेवली. संध्याकाळी सोनं वाटून परत आलो, फाटकाशी थांबलो. आई उतरली, बायको उतरली, मुलगा मोबाइलमधून डोकं न काढता उतरला. बाबा उतरले, पण पलीकडे गेले नाहीत. हाताने इशारे करत गाडीच्या कडेकडेने चालत राहिले: "येऊ दे... येऊ दे... डावीकडे घे... येऊ दे..." खाली कुठेतरी खर्रकन आवाज झाला. मागचं चाक पलीकडे उतरलं, तसा त्यांनी टपावर हात आपटला.

टण टण. डबल बेल.