सरसकट बंद नको, साइट पाहून परवानगी द्या

इंटरनेट सुरक्षिततेवरच्या एका लेखात जावास्क्रिप्ट (वेबपानांसोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणारे छोटे प्रोग्राम, म्हणजेच स्क्रिप्ट) ब्राउझरमधूनच कायमची बंद करायला सांगितलंय. हेतू योग्य आहे, पण तसं केलं की बऱ्याच साइट नीट चालत नाहीत आणि माणूस वैतागून पुन्हा सगळंच चालू करतो. त्यापेक्षा फायरफॉक्स ब्राउझरमध्ये नोस्क्रिप्ट हे स्क्रिप्ट अडवणारं अ‍ॅड-ऑन टाका. मुळात जवळपास सगळं बंद, हवं तेवढंच उघडायचं. नुसतं वाचायला बऱ्याचदा काहीच लागत नाही. चित्रं दिसली नाहीत तर फक्त त्या साइटच्या मूळ डोमेनला (पत्त्यातल्या मुख्य नावाला) तात्पुरती परवानगी द्या, जाहिरातींचे डोमेन बंदच राहू द्या.

खरी अडचण पैसे भरताना. पुण्यात मिळकतकर ऑनलाइन भरायचा तर महापालिकेचं पान, पेमेंट गेटवे (पैसे पोचवणारी मधली सेवा) आणि बँकेचं ओटीपीचं पान, असे वेगवेगळे डोमेन मध्ये येतात. परवानगी दिली की नोस्क्रिप्ट पान पुन्हा लोड करतं आणि व्यवहार मध्येच तुटतो. कधी खात्यातून पैसे जातात, पावती मात्र निघत नाही. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा भरू नका, आधी बँकेचं स्टेटमेंट बघा. हे टाळायला फायरफॉक्सच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये ‘about:profiles’ टाइप करून या कामापुरतं वेगळं प्रोफाइल करा, म्हणजे त्याची सेटिंग्ज आणि अ‍ॅड-ऑन स्वतंत्र राहतात. तिथे नोस्क्रिप्ट नको आणि दुसरी कुठलीही साइट उघडायची नाही.

आणि हो, बँकेच्या बनावट पानावरचा साधा फॉर्म स्क्रिप्टशिवायही पासवर्ड पळवतो, त्यामुळे वरचा पत्ता नीट वाचाच.