दाढी काढायच्या आधी एक फोन करायला काय झालं होतं?

आमच्या हौशी सिनेमाचा हिरो गुळगुळीत दाढी करून आला. क्लायमॅक्सच्या शूटिंगला. निम्मी मारामारी गुऱ्हाळावर, दाढीत शूट झालेली असताना.

आणि वर तोंड करून म्हणतोय, "चुलतभावाची हळद होती रे. घरातले मागं लागले, जरा माणसात ये म्हणून. दाढी काय, येती की परत!"

दाढी येईल. गुऱ्हाळाचा हंगाम थांबणार नाही. ऊस संपत आलाय. चुलवाण एकदा थंड पडलं की पुढच्या दिवाळीपर्यंत पेटत नाही, हे कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाला मी सांगायचं? त्याच्या स्वतःच्या मामाचं गुऱ्हाळ होतं!

कालपासून डोकं फिरलंय माझं. कुणाशी धड बोललेलो नाही. ग्रुपवर सगळे हसण्याचे इमोजी टाकतायत, त्याचा आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी लावून. त्यातला आधीचा फोटो माझ्या कंटिन्युइटीच्या फोल्डरमधला आहे. शॉट जुळावेत म्हणून काढलेला. त्याची चेष्टा करायला वापरला.

काय गेलंय ते सांगतो. हिरो चिपाडाच्या ढिगात उडून पडतो. उठतो तेव्हा दाढीत चिपाडाचे तुकडे अडकलेले. व्हिलनचा माणूस हात उगारतो, थांबतो, दाढीतला एक तुकडा चिमटीत धरून काढतो, बाजूला टाकतो आणि मग थोबाडीत देतो. हिरो गाल चोळत दुसऱ्या गालावरचा तुकडा स्वतःच काढतो आणि त्याच्या हातात ठेवतो. संवाद एकही नाही. अख्ख्या सिनेमात माझी सगळ्यात आवडती जागा ही. गच्चीवर तालमी केल्या आम्ही तिच्या, थांबायचं किती, बघायचं कुठं, हे ठरवून ठरवून. लांबचा शॉट झाला, व्हिलनच्या माणसाचा झाला. हिरोचा क्लोजअप तेवढा राहिला होता. विनोद त्या क्लोजअपमध्ये होता. आता तिथं तुळतुळीत गाल आहेत.

माझ्याकडे वही आहे. कोणत्या शॉटला शर्टाचं वरून दुसरं बटण तुटलेलं, डाव्या बाहीवर काकवीचा डाग कुठवर पसरलेला, घाम कपाळावर की गळ्यावर, सगळं लिहिलेलं. त्या वहीला हे लोक 'तलाठ्याचं दप्तर' म्हणतात. काकवीचा डाग मी जुळवला, त्याच शर्टावर, त्याच जागी, पहाटे उठून. आणि तो शर्ट घालणारा माणूस चेहराच बदलून आला.

त्यावर कॅमेरावाल्याचा सल्ला काय? "टेन्शन घेऊ नको, एआयनं दाढी लावू."

लाव की मग! हॉलिवूडला जमलं नाही ते तू लॅपटॉपवर लाव. २०१७ साली 'जस्टिस लीग'मध्ये सुपरमॅन करणारा हेन्री कॅव्हिल रीशूटला मिशी घेऊन आला, कारण दुसऱ्या सिनेमासाठी ती ठेवणं त्याला भाग होतं. एवढा बलाढ्य स्टुडिओ, हाताशी पैसा, माणसं, यंत्रं. मिशी कॉम्प्युटरवर पुसली आणि त्याचा वरचा ओठ असा काही झाला की अख्खं जग हसलं. ती नुसती पुसायची होती. इथं उगवायची आहे, चिपाडासकट, हलत्या चेहऱ्यावर. त्याची मान झटकतेय, मागून चुलवाणाचा धूर येतोय.

फाळक्यांची आठवण झाली मला. १९१३ च्या पहिल्या सिनेमात बायकांची कामं करायला पुरुष उभे करावे लागले, आणि ते मिशा काढायला तयार होईनात. बाप गेल्यावर मिशी काढायची, अशी रीत. विनवण्या करायला लागल्या दादासाहेबांना. निदान त्या माणसांकडे कारण होतं. केस जाणं म्हणजे काहीतरी जाणं, हे त्यांना कळत होतं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अख्ख्या युनिटचा स्वयंपाक करत होत्या, फिल्मच्या कामातही हात लावत होत्या. घरचीच माणसं होती तीही. घरचं आहे म्हणून कुणी ढिलं सोडलं नाही.

आमच्याकडे नेमकं उलटं. "फुकटात करतोय की रे आम्ही." हे वाक्य ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या. मी काय पैसे घेतोय? नाष्ट्याची मिसळ, गाडीचं पेट्रोल, हार्ड डिस्क, सगळं माझ्या पगारातनं. त्याचा हिशेब मी कधी कुणाला दाखवला नाही आणि दाखवणार नाही. पण फुकट केलेल्या कामाला दिलेला शब्द नसतो का? चुलतभावाच्या हळदीला तो वेळेवर पोचला. गणपतीत मंडळाच्या वर्गणीला पहाटेपर्यंत फिरतो, तेही फुकटच. क्रिकेटची टुर्नामेंट असली की पायाला पट्टी बांधून खेळतो. मग सिनेमाच्याच वेळी सगळं 'चालतंय की' का?

आता निघालंच आहे तर बाकीचंही ऐका.

आमचा पैलवान. तालमीतला, अंगानं असा की फ्रेममध्ये आला की बघणारा आपोआप मागं सरकतो. काय खूश झालो होतो मी. हिरो त्याला उचलून टाकतो, एवढाच सीन. आयत्या वेळी म्हणाला, "मी पाठ टेकवणार नाही. वस्तादांनी बघितलं तर?" अरे, सिनेमा आहे हा! लांग घालून मैदानात उतरलायस का तू? दुपारभर समजावलं. शेवटी पालथा पडायला तयार झाला. उताणा पडून वर बघतो तेव्हाच पुढचा विनोद होता, तो कापून टाकला. मारामारीत मारणारा हिरो नसतोच, हे लोकांना कधी कळणार? ठोसा नाकाच्या वीतभर पुढून जातो. कॅमेरा खांद्यामागून लावला की मधलं अंतर दिसत नाही. मार लागतो तो मार खाणाऱ्याच्या मानेमुळं. त्यानं वेळेत मान झटकली नाही तर समोरचा नुसता माश्या हाकलतोय असं दिसतं. पडणारा चांगला असेल तर कुणीही हिरो होतो. आणि आमच्याकडे पडायला कुणालाच नको आहे.

आवाजवाला. ठोशाचा आवाज तीन फ्रेम उशिरा. पंचवीस फ्रेमचा सेकंद धरला तर तीन फ्रेम म्हणजे ०.१२ सेकंद. "तेवढं कोण बघतंय?" डोळ्याला कळत नाही, पण हसू येत नाही, कळलं का? मार आधी लागतो, आवाज मागनं येतो, आणि बघणारा तेवढ्यात थंड होतो. तेही इंटरनेटवरून उचललेला फुकटचा आवाज, सगळ्या ठोशांना एकच. पोटात मारला तरी तोच, थोबाडीत मारला तरी तोच. मी म्हटलं होतं, जुनं चामड्याचं जाकीट गादीवर आपटून रेकॉर्ड करू, हाड मोडल्याच्या आवाजाला सेलरीची काडी नसली तर मुळा मोडू. मंडईतनं मुळे आणून ठेवले मी. सुकले ते.

कॅमेरावाल्याचं तर वेगळंच प्रकरण. मोबाईलवर शूट करायला माझी काहीच हरकत नाही. पण फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम घ्यायच्या ते, लॉक कर म्हणून दर वेळी ओरडायचं का मी? फोन आपल्या मनानं रेट कमी-जास्त करतो, टाइमलाइनवर टाकलं की ओठ पुढं आणि संवाद मागं. एकदा तर ब्यूटी मोड चालूच राहिला. मेकअपवालीनं तासभर बसून व्हिलनच्या गालावर वण केला होता, तो फोननं पुसून टाकला. गाल असा चमकतोय की साबणाची जाहिरात. तिला मी काय तोंड दाखवायचं?

आणि 'निघालोय'. गादीवर पडून 'निघालोय'. सकाळच्या कोवळ्या उन्हातला सीन आम्ही बारा वाजता डोक्यावर ऊन घेऊन केलाय, एकाच्या 'निघालोय'पायी. नाकाखाली सावली, डोळे मिचमिचे, आणि कथेत म्हणे पहाट.

पण सगळ्यात वाईट वाक्य यातलं एकही नाही. सगळ्यात वाईट वाक्य आहे, "कॉमेडीच आहे ना? मग काय एवढं."

कॉमेडी आहे म्हणूनच एवढं! रडायचा सीन थोडा इकडंतिकडं झाला तरी चालून जातो, माणूस समजून घेतो. हसायचा सीन इंचानं हुकला की मेला. मूकपटातल्या बस्टर कीटन या विनोदवीरानं १९२८ साली घराची अख्खी दर्शनी भिंत स्वतःच्या अंगावर पाडून घेतली, दोनेक टन वजनाची, आणि उघड्या खिडकीच्या जागेतनं वाचला. थोडा डावी-उजवीकडे उभा असता तर संपला होता. विनोदासाठी केलं हे त्यानं. जॅकी चॅन मारणारा आणि मार खाणारा एकाच फ्रेममध्ये दाखवतो, कट मारून लपवत नाही. म्हणून हसू येतं आणि म्हणून अंगावर काटाही येतो. मालेगावात यंत्रमागावर राबणाऱ्या पोरांनी सिनेमे केले, ट्रॉलीच्या जागी सायकल, क्रेनच्या जागी बैलगाडी. लोक त्यांच्या जुगाडाचं कौतुक करतात. मला त्यांच्या हट्टाचं वाटतं. बैलगाडीचा दांडा वर-खाली करून शॉट घेणारा माणूस 'काय एवढं' म्हणत असेल का?

आम्ही तर कोल्हापूरचे. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून रोज गाड्या मारतो. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा स्वतः बनवला, त्या गावातल्या पोरांना खिशात कॅमेरा असून तो लॉक करायचा कंटाळा येतो. याचा खरंच त्रास होतो मला.

काल सगळ्यात जड काय गेलं? आबांना सांगायला जाणं. गुऱ्हाळ त्यांचं. भाडं घेतलं नाही त्यांनी. एक आदण, म्हणजे उकळत्या रसाची एक खेप, उतरून गूळ वाफ्यात ओतला की पुढची काहील, ती मोठी कढई, चढवायच्या आधी जागा आम्हाला मोकळी करून देत होते. गुळव्या, जाळ घालणारा, सगळे बाजूला बसून राहायचे. धंद्याच्या ऐन वेळेला. दाढी नाही म्हणून आज शूटिंग नाही, हे त्या माणसाला कसं सांगायचं? आबा सगळं ऐकून म्हणाले, "असू दे. रस प्या आणि जावा." बाकीचे रस प्यायले. सगळ्यात आधी ग्लास पुढं केला तो आमच्या हिरोनं. मला घोटभरही उतरला नाही.

तर आता ऐका, सगळ्यांसाठी एकदाच सांगतो. गुऱ्हाळातली शेवटची दोन आदणं अजून राहिलीत, आबांनी तारीख दिली आहे. मेकअपवाली नकली दाढीचे केस आणतेय, एक एक पुंजका चिकटवायला तीन तास धरा. हिरोनं पहाटे तीनला तिच्या दारात खुर्चीवर बसलेलं असायचं. चेहरा खाजला तरी हात लावायचा नाही. पैलवानानं पाठ टेकवायची, वस्तादांशी मी स्वतः बोलून घेतो. मुळे मी नवे आणतोय. आणि सिनेमा संपेपर्यंत कुणाच्या घरी हळद असो, बारसं असो नाहीतर मुंज, न्हाव्याच्या खुर्चीत बसायच्या आधी मला फोन करायचा. मेसेज नाही. फोन.