तेलाचा पैसा, बरं. मग पुढे?

आज सकाळी वाचनाच्या एका ग्रुपवर कुणीतरी 'अरबी बुकर', म्हणजे अरबी कादंबरीला दरवर्षी अबुधाबीत मिळणारा पुरस्कार, मिळालेल्या कादंबऱ्यांची यादी टाकली. खाली एका सद्गृहस्थांनी एका ओळीत निकाल लावला: 'तेलाच्या पैशावर चाललेलं नाटक आहे, साहित्याशी काडीचा संबंध नाही.' त्यावर अंगठ्यांचा पाऊस. यातल्या किती जणांनी यादीतलं एक तरी पुस्तक उघडून बघितलंय, हे विचारण्यात अर्थ नाही.

२८ एप्रिल २०२४ ची संध्याकाळ घ्या. अबुधाबीत निकाल जाहीर झाला आणि विजेता मंचावर आला नाही. येणार कुठून? पॅलेस्टिनी लेखक बासिम खंदकजी २००४ पासून इस्रायलच्या तुरुंगात होता. तेल अवीवच्या बाजारातल्या बॉम्बस्फोटाचा खटला, तीन जन्मठेपा. त्याच्या वतीने मंचावर गेल्या बैरूतच्या 'दार अल-आदाब'च्या राना इद्रीस, म्हणजे त्याच्या प्रकाशक. कादंबरी कोठडीत लिहिलेली, छापली बैरूतमध्ये, बक्षीस अबुधाबीत, आणि लेखक या तिन्हींपासून तोडलेला. नायक रामल्लाजवळच्या निर्वासित छावणीतला, पुरातत्त्व शिकलेला तरुण. जुन्या बाजारातल्या एका कोटाच्या खिशात त्याला कुणा इस्रायली माणसाचं निळं ओळखपत्र सापडतं आणि तो त्या नावाने वावरायला लागतो. पुस्तकाच्या नावातला आकाशाच्या रंगाचा मुखवटा म्हणजे हे कार्ड. नाटक म्हणायचंच असेल तर याला म्हणा. पण आधी वाचा.

आता पैशाचं. हो, पैसा अबुधाबीचाच आहे. मान्य.

२००७ मध्ये पुरस्कार सुरू झाला तो अबुधाबीतच. लंडनच्या बुकर फाउंडेशनने सल्ला दिला, म्हणून लोक 'अरबी बुकर' म्हणतात, पण अधिकृत नाव 'इंटरनॅशनल प्राइझ फॉर अरेबिक फिक्शन' आणि तिजोरीही वेगळी. सध्या खर्च अबुधाबीच्या संस्कृती खात्याखालचं अरबी भाषा केंद्र करतं. लघुयादीतल्या, म्हणजे शेवटच्या फेरीतल्या, सहाही जणांना प्रत्येकी १०,००० डॉलर आणि विजेत्याला वर ५०,०००. लघुयादीतल्यांनाही पैसे देतात हे मला फार आवडतं. पहिल्या नंबराशिवाय बाकी सगळे रिकाम्या हाताने घरी, ही आपली रीत तिथे नाही.

आणि या पैशाबद्दल प्रश्न विचारणारे आपण पहिले नाही. २०२० मध्ये अमिरातीने इस्रायलशी संबंध जोडणारा करार केला, तेव्हा याच पुरस्काराच्या काही जुन्या विजेत्यांनी आणि परीक्षकांनी विश्वस्तांना पत्र लिहून अमिरातीचा पैसा बंद करा म्हणून मागणी केली होती. २०२१ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ हाबरमासने अबुधाबीचा दुसरा एक मोठा पुरस्कार नाकारला. ही माणसं आतून बोलत होती, किंमत मोजून बोलत होती. ग्रुपवर एक ओळ टाकून चहा प्यायला जाणं आणि हे, यात फरक आहे. आणि गंमत बघा, तो करार झाल्यावर चारच वर्षांनी त्याच पैशाचं बक्षीस इस्रायलच्या तुरुंगातल्या पॅलेस्टिनी कैद्याला मिळालं. याचा अर्थ कसा लावायचा ते ज्याने त्याने ठरवावं. एका ओळीत लागत नाही एवढं नक्की.

लोकांना मुळात कळत नाही ती पुस्तकाच्या धंद्याची बाजू. अरबी बोलणारे देश बावीस, भाषा लिहायला एक, आणि आपल्याला वाटतं की केवढी मोठी बाजारपेठ! प्रत्यक्षात कादंबरीची पहिली आवृत्ती बहुतेक वेळा हजार ते तीन हजार प्रतींची. सगळ्या देशांत पुस्तक पोचवणारा एक वितरक नाही. प्रत्येक सीमेवर वेगळा कस्टम, वेगळा सेन्सॉर, वेगळं चलन. मोरोक्कोतल्या रबातमध्ये छापलेलं पुस्तक बगदादच्या दुकानात पोचेल याची काही खात्री नसते. म्हणून प्रकाशक स्वतः खोकी घेऊन पुस्तकांच्या जत्रा फिरतो: जानेवारीअखेरीस कैरो, वसंतात अबुधाबी, शरदात रियाध, नोव्हेंबरात शारजा. दहा-बारा दिवस स्टॉलवर उभं राहायचं, स्वतः विकायचं, आणि उरलेली खोकी परत न्यायचं भाडं परवडत नाही म्हणून शेवटच्या दिवशी निम्म्या किमतीत काढायची. त्यातही एखादं पुस्तक दारातच अडकतं. 'बांबूचा देठ'साठी २०१३ चं बक्षीस मिळालेला सौद अल-सनौसी घ्या. पुढची त्याची कादंबरी त्याच्याच कुवेतमध्ये बंदी घालून अडवली होती, ती कोर्टात जाऊन सुटली.

अशा ठिकाणी सोळा नावांची दीर्घयादी, म्हणजे पहिल्या चाळणीतून उरलेली पुस्तकं, जाहीर होते तेव्हा काय होतं? तेवढ्याच सोळा पुस्तकांची मागणी एका आठवड्यात मोरोक्कोपासून ओमानपर्यंत येते. दुकानदार स्वतः फोन करतो. प्रकाशक पुनर्मुद्रणाला टाकतो. आणि हो, चोरटी पीडीएफही त्याच आठवड्यात फिरायला लागते, कैरोच्या फुटपाथवर झेरॉक्स आवृत्ती येते, मुखपृष्ठ फिकट, पानं मागेपुढे. लेखकाच्या हातात त्यातला पैसा येत नाही, पण नाव मात्र सीमा ओलांडून जातं. दुसरी कुठली यंत्रणा हे करत नाही. सरकारं करत नाहीत, विद्यापीठं करत नाहीत. राना इद्रीस त्या मंचावर उभ्या होत्या त्या याच धंद्यातल्या. त्यांच्या वडिलांनी, सुहेल इद्रीस यांनी, १९५६ मध्ये दार अल-आदाब काढलं. इजिप्तमध्ये पुस्तक म्हणून छापू न दिलेली तिथल्याच नगीब महफूझची कादंबरी १९६७ मध्ये याच घराने बैरूतमधून पुस्तकरूपात आणली. एका देशात अडलेलं पुस्तक दुसऱ्या देशात छापून वाचकापर्यंत न्यायचं, हेच या घराचं काम. पुरस्कार ही त्या कामाला मिळालेली मोठी गाडी आहे, बस.

आता माझाच राग पुरस्कारावर काढतो, कारण खरे दोष आहेत आणि ते तेलाचे नाहीत.

प्रवेशिका लेखक पाठवू शकत नाही, प्रकाशकच पाठवतो. स्वतः छापलेलं पुस्तक चालत नाही. ठीक. पण एका प्रकाशकाने किती पुस्तकं पाठवायची हे मागच्या काही वर्षांत त्याची किती पुस्तकं दीर्घयादीत आली यावर ठरतं. ज्याची आली त्याला जास्त जागा, ज्याचं कधीच आलं नाही त्याला एक. म्हणजे बैरूत-कैरोच्या मोठ्या घराला तीन-चार डाव आणि सुदानच्या खार्तूममधल्या किंवा येमेनच्या सनामधल्या छोट्या प्रकाशकाला एकच. मग चांगला लेखक काय करतो? आपल्या गावातला प्रकाशक सोडून बाहेर जातो. २०२५ चा विजेता मोहम्मद समीर नदा इजिप्तचा, प्रकाशक ट्यूनिसचा. यात वाईट काही नाही, पण ज्या छोट्या घराने लेखकाला पहिल्यांदा छापलं ते तसंच छोटं राहतं. ही अट बदलायला अमीर-उमरावांची परवानगी लागत नाही, विश्वस्तांची एक बैठक पुरते.

दुसरं, वाचनाचा वेळ. प्रकाशनाची मुदत जुलै ते पुढचा जून. २०२४ साठी १३३ कादंबऱ्या आल्या. परीक्षक पाच: सीरियाचे नबील सुलेमान अध्यक्ष, बाकी सुदान, पॅलेस्टाइन, इजिप्त आणि एक झेक अभ्यासक. (एक तरी परीक्षक अरब जगाबाहेरचा असतो, ही चांगली पद्धत आहे.) उन्हाळ्यापासून नवीन वर्षापर्यंत जेमतेम सहा महिने. भागाकार करा. दीड दिवसाला एक कादंबरी, आणि या लोकांना नोकऱ्याही आहेत. काय होणार? पहिली चाळीस-पन्नास पानं जिंकली तर पुस्तक तरतं. हळू चालणारी, उशिरा उलगडणारी कादंबरी पहिल्या चाळणीतच पडते. शिवाय संवाद बोलीत असले तर कसरत. लिबियाची बोली झेक प्राध्यापकाने वाचायची आणि मॉरिटानियाची बोली सुदानी माणसाने. मग लेखकही हुशार होतात, संवाद सपाट प्रमाणभाषेत लिहितात आणि पात्रं बातम्या वाचल्यासारखी बोलायला लागतात. वाचताना दात आंबतात अक्षरशः.

संपादन हा तर वेगळाच रडका विषय. अरबी प्रकाशनात मुद्रितशोधक असतो, संपादक बहुतेक ठिकाणी नसतोच. हस्तलिखित जूनच्या मुदतीआधी छापून बाहेर यायला हवं म्हणून एप्रिल-मे मध्ये घाई. साडेतीनशे पानांतली शंभर पानं जी एखाद्या चांगल्या संपादकाने कापली असती, ती तशीच. बक्षिसाच्या रकमेतला थोडा हिस्सा जरी छपाईआधीच्या संपादनाला लावला तरी पुढच्या पाच वर्षांत पुस्तकं वेगळी दिसतील.

आणि बायका! २००८ ते २०२५ मिळून विजेते एकोणीस (२०११ ला दोघांत वाटून दिलं). त्यात स्त्रिया दोन. सौदीची रजा आलेम, तीही वाटून, आणि २०१९ ला लेबनॉनची हुदा बरकात. अरबी कादंबरीत गेली तीस वर्षं सगळ्यात धाडसी लेखन कोण करतंय हे आपल्यासारख्यांना सांगायला नको. ओमानच्या जोखा अल-हार्थीची २०१० ची कादंबरी घ्या. विजेत्यांच्या यादीत ती नाही. एका छोट्या स्कॉटिश प्रकाशकाने इंग्रजीत काढली आणि २०१९ ला तिने आंतरराष्ट्रीय बुकर घेतलं, अरबीतलं पहिलंच. ५०,००० पौंड, निम्मे अनुवादक मेरिलिन बूथचे. आपण गीतांजली श्री आणि बानू मुश्ताक यांच्या वेळी नाचलो ते हेच बक्षीस.

बरं, चिडून लिहिलं, पण ही यादी एकदा नीट बघितली की राग ओसरतो, हेही खरं.

२०२३ ची झहरान अल-कासमीची कादंबरी. ओमानमधलं खेडं. विहिरीत बुडून मेलेल्या बाईच्या पोटातून काढलेला मुलगा, त्याला जमिनीखालचं पाणी ऐकू येतं. गाव आधी त्याला हसतं, मग दुष्काळात त्याच्याच मागे लागतं. ओमानचे फलज, म्हणजे डोंगरातलं पाणी उताराने शेतापर्यंत आणणारे पाट आणि भुयारं, त्यांची खोदाई, साफसफाई, ढासळणं, झरा आटल्यावर कुठे पुन्हा फोडायचं, हे सगळं त्यात हाताने शिवता येईल इतकं जवळून आलंय. आपल्याकडे अशा पाणी ओळखणाऱ्या माणसाला पाणाड्या म्हणतात, मराठवाड्यातल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. किंवा सनौसीचा 'बांबूचा देठ': कुवेती बाप, घरात काम करणारी फिलिपिनो आई, आणि दोन्हीकडे परका मुलगा. रत्नागिरी-रायगडमधल्या ज्या घरांतून पिढ्यान्पिढ्या माणसं कुवेत-दुबईला गेली त्यांनी हे मालकाच्या घराच्या आतल्या बाजूने वाचून बघावं. अहमद सादावीचं बगदादमध्ये स्फोटांतल्या तुकड्यांनी शिवलेलं प्रेत उठून चालायला लागतं, आणि त्याच्या अंगात कुणाकुणाचे अवयव आहेत यावरून तो कुणाचा सूड घेणार ते ठरतं. आणि नदाच्या कादंबरीतल्या खेड्याला १९७७ मध्येही वाटतंय की १९६७ चं युद्ध अजून चालूच आहे, कारण बाहेर पडायच्या वाटेवर सुरुंग आहेत आणि बातमी एकाच माणसाकडून येते. यात तेलाचं नाटक कुठे दिसलं हो?

खंदकजी ऑक्टोबर २०२५ मध्ये सुटला, कैद्यांच्या अदलाबदलीत, आणि घरी नाबलुसला नाही तर थेट इजिप्तला पाठवला गेला. एकवीस वर्षांनी. निदान यापुढे त्याच्या पुस्तकाच्या वतीने दुसऱ्या कुणाला उभं राहावं लागणार नाही.

एक तक्रार मात्र मराठी प्रकाशकांकडे. पुरस्कार इंग्रजी अनुवादाला पैसे देतो, तरी पुस्तकं वर्षानुवर्षं लटकतात. २०११ ची रजा आलेम इंग्रजीत आली २०१६ ला, २०१५ ची 'इटालियन' आली २०२१ ला, बगदादवाली २०१८ ला. आपण त्यानंतर इंग्रजीवरून करायला बसलो की अजून पाच वर्षं. शारजाची जत्रा नोव्हेंबरात असते, त्याआधी प्रकाशकांची परिषद भरते, हक्कांच्या बैठका टेबल लावून होतात, अनुवादाला अनुदानही मिळतं. मल्याळी प्रकाशक तिथे दरवर्षी असतात. मुंबईहून तीन तासांचं विमान आहे. हक्क बैरूत, कैरो किंवा ट्यूनिसच्या प्रकाशकाकडे नाहीतर लेखकाच्या एजंटाकडे, आणि भारतीय भाषेसाठी ते आकाशाएवढी रक्कम मागणार नाहीत. अडचण अनुवादकाची: अरबी येणारा आणि मराठी लिहू शकणारा माणूस शोधावा लागेल. मुंबई विद्यापीठात अरबी शिकवतात, तिथे आधी विचारा. इंग्रजीवरूनच करायचं ठरलं तर निदान संवाद अरबी जाणणाऱ्या कुणाकडून तपासून घ्या, आणि त्याचे पैसे करारातच लिहा.