शुक्रावर यान वितळतं म्हणे

आमच्या रत्नागिरीकडच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, की शुक्रावर उतरलेलं प्रत्येक यान मिनिटात वितळलं, तिथला एक खरा फोटो नाही, जळक्या दगडांतून कळण्यासारखं काही नाही, तरी इस्रो 1236 कोटी तिकडे घालवणार आणि तेवढ्यात मुंबई-गोवा हायवे झाला असता.

हायवेचं आधी. तो 2011 पासून रखडलाय, शुक्राच्या मोहिमेला मंजुरी मिळाली सप्टेंबर 2024 ला, खड्ड्यांचा जाब तिकडे कशाला? शिवाय इस्रोचं यान उतरणारच नाहीये, वरून घिरट्या घालत रडारने बघणार.

वितळण्याचं म्हणाल तर शुक्राच्या जमिनीवर साधारण 460 डिग्री असतात, शिसं वितळेल त्यात, पण तिथे उतरलेल्या व्हेनेरा नावाच्या रशियन यानांचा गोळा टायटॅनियमचा होता आणि त्याला वितळायला 1600 च्या वर लागतात. गरमी हळूहळू आत शिरली की इलेक्ट्रॉनिक्स दगावतं, एवढंच. दाब म्हणाल तर आपल्या नव्वदपट, समुद्रात 900 मीटर खाली असतो तेवढा. तरी व्हेनेरा 7 ने 1970 ला जमिनीवरून 23 मिनिटं सिग्नल दिला, आणि व्हेनेरा 13 बनवलंच होतं 32 मिनिटांसाठी, ते 1982 ला 127 मिनिटं चाललं. फोटो? 1975 चे व्हेनेरा 9 चे ब्लॅक अँड व्हाइट, 13 चे रंगीत. शोधा, मिळतील.

दगडांचं मात्र कोकणातल्या माणसाने तरी असं बोलू नये. व्हेनेरा 13 आणि 14 ने ड्रिल मारून नमुना आत घेतला, तपासला, बेसाल्टच्या जातीचा निघाला, म्हणजे आपल्या सड्याखालचा काळा कातळच की. त्यावर लाखो वर्षं पाऊस पडून पडून वरचा जांभा झाला. शुक्रावर आम्लाचा पाऊस पडतो पण जमिनीवर पोचायच्या आत वाफ होतो, मग जांभा कसला होणार. आणि पाणी तिथे कधीच नव्हतं असंही नाही हां, अमेरिकेच्या पायोनिअर व्हीनस यानाने 1978 ला हवेतला जड हायड्रोजन मोजला, तो पृथ्वीवरच्या प्रमाणाच्या शंभरपटीहून जास्त भरला, कारण पाणी फुटून त्यातला हलका हायड्रोजन अवकाशात उडून गेला, जड मागे राहिला. आता ते पाणी समुद्रात होतं की नुसती वाफ, यावर अजून भांडतायत.

बरं, जुना डेटाही वाया जात नाही. शुक्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकेच्या मॅगेलन यानाने 1991 ला घेतलेली रडार चित्रं 2023 ला ताडून पाहिली, तर माट मॉन्स या शुक्रावरच्या डोंगराजवळच्या एका ज्वालामुखीच्या तोंडाचा आकार काही महिन्यांत बदललेला दिसला. इस्रोच्या रडारला बघायला हेच तर आहे.