एक डॉलर, एक रुपया आणि आप्पांच्या ओसरीतला कापूस

पारोळ्याजवळच्या आमच्या गावी गेलो तर आप्पांच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत कापूस, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर मांजर. दिवाळी होऊन दोन महिने उलटले तरी एक किलोही विकलेला नाही. मोठी आई हात खाजवत म्हणाली, "तूच समजाड रे भाऊ यासले." मी धुळ्याला ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, हे आमच्या घरात असं अडल्या वेळीच आठवतं.

आप्पांनी मोबाइल पुढे केला. "हाई खरं शे का?"

मेसेज तुम्हालाही आलाच असेल. वर तिरंगा, खाली बाणाची दोन चिन्हं. थोडक्यात असा : १९४७ ला एक रुपया म्हणजे एक डॉलर होता, कारण देशावर कर्ज नव्हतं. सौदीचा पेट्रोडॉलर करार, म्हणजे तेल डॉलरमध्येच विकायचा करार, २०२४ मध्ये संपला. ब्रिक्सची (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका आदी देशांच्या गटाची) नोट छापून तयार आहे, पुतिननी ती दाखवली. अमेरिकेने स्विफ्ट (देशोदेशीच्या बँकांची निरोपयंत्रणा) बंद केलं तरी आपल्याकडे यूपीआय आहे. आता डॉलर कोसळणार आणि पुन्हा एक रुपयाला एक डॉलर होणार. तेव्हा बँकेतले पैसे काढून सोनं घ्या, आणि 'शेतकरी बांधवांनो, कापूस विकू नका, डॉलर पडला की १५ हजार भाव पक्का'.

शेवटच्या ओळीपायी आप्पांनी सीसीआयच्या (केंद्राच्या कापूस महामंडळाच्या) खरेदीसाठी 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणीच केली नाही. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलला ८,११० रुपये होता. त्यावर पाणी सोडून हा माणूस पुतिनच्या नोटेची वाट पाहत बसला. म्हणून आधी तीच ओळ घेतो, बाकीचं नंतर उरकू.

बियाण्याच्या रिकाम्या पाकिटाच्या पाठीवर मी आप्पांसमोर हिशेब मांडला. रुईची, म्हणजे सरकी (बी) काढलेल्या कापसाची, एक खंडी म्हणजे ३५६ किलो, साधारण ७८५ पौंड. जगाच्या बाजारात रुईचा भाव पौंडाला सेंटमध्ये बोलला जातो. ७५ सेंट धरू. खंडीचे झाले ५८८ डॉलर. डॉलर ९० रुपयांना असेल तर ५२ हजार ९०० रुपये. एक खंडी रुई निघायला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. म्हणजे नुसत्या रुईचे क्विंटलमागे पाच हजार, वर सरकीचे दोनेक हजार. व्यापारी खेडा खरेदीत जो सात हजारांच्या आसपासचा भाव बोलत होता, तो इथून येतो. आकाशातून पडत नाही.

आता मेसेजवाल्याच्या मनासारखं करू. एक डॉलर, एक रुपया. खंडीचे झाले ५८८ रुपये. भागिले साडेदहा. क्विंटलला ५६ रुपये. सरकी धरूनही शंभरी गाठत नाही.

आप्पांनी पाकीट हातात घेतलं, चष्मा वर सरकवला, खाली घेतला. वेचणीलाच किलोला दहा-बारा रुपये जातात, म्हणजे क्विंटलला हजारावर. वेचणाऱ्या बाया काही मेसेज वाचून मजुरी कमी करणार नाहीत. आणि हमीभाव वाचवेल म्हणाल, तर बाहेरून ५८८ रुपयांत खंडीभर रुई येत असताना सरकार ८,११० ने किती दिवस घेणार?

म्हणजे ज्याला बाहेर माल विकायचा असतो, किंवा ज्याच्या मालाचा भाव बाहेरच्या भावावरून ठरतो, त्याला रुपया महाग झाला की फटका बसतो. फायदा होतो तेल, मोबाइल, खत बाहेरून आणणाऱ्याचा. शेतकऱ्यालाही खत-डिझेल लागतंच, तेवढा त्याचा लाभ. पण रुपयाचा आकडा म्हणजे देशाची पत असं मानून ऊर भरून येणाऱ्यांनी जपानकडे पाहावं. तिथे डॉलरला दीडशेच्या आसपास येन पडतात. जपान आपल्यापेक्षा गरीब आहे का?

यात अर्धं खरं एक आहे, ते मुकाट्याने मान्य करतो. जगभरात डॉलर नरमला की कापूस, सोनं, तांबं यांचे डॉलरमधले भाव बऱ्याचदा चढतात. मेसेजवाल्याने हे कुठेतरी ऐकलं असणार. पण तेव्हाच रुपया वधारला तर हाताशी आलेलं तिकडे निघून जातं. दोन्ही बाजूंनी फायदा फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर होतो.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांनाही हे समजावं. केळी दुबईला जाते, पैसे दिरहममध्ये बोलले जातात. तो दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. आणि गंमत अशी की हीच संयुक्त अरब अमिरात जानेवारी २०२४ पासून ब्रिक्सची सदस्य आहे! जो गट डॉलरला गाडणार म्हणतात, त्यातला श्रीमंत गडी आपलं चलन डॉलरच्या खुंटीला बांधून निवांत आहे.

आता नोटेकडे. ऑक्टोबर २०२४ मध्ये रशियात कझानला ब्रिक्सची परिषद झाली, तिथे पुतिन यांच्या हातात एक नोट दिसली, हे खरं. ती नमुन्याची, प्रतीकात्मक होती. आपल्या लग्नात नवरदेवाच्या गळ्यात नोटांचा हार घालतात, त्यातल्या 'मनोरंजन बँके'च्या नोटेइतकीच ती चालते. दोनच महिन्यांत, डिसेंबर २०२४ मध्ये, परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी दोह्यात स्पष्ट सांगितलं की भारत कधीच डॉलर हटवण्याच्या बाजूने नव्हता आणि ब्रिक्स चलनाचा प्रस्तावच नाही. ज्या देशाचा झेंडा लावून हा मेसेज फिरतोय, त्या देशाचा मंत्री हे म्हणतो. आणि नोट सामायिक म्हणजे मध्यवर्ती बँक सामायिक, व्याजदर सामायिक. गलवान झाल्यावर आपला व्याजदर बीजिंगशी वाटून घ्यायला कोण तयार आहे?

सामायिक चलन सोडा, साधा रुपया-रूबल व्यवहार किती जड गेला ते पाहा. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपयात परदेशी व्यापार करायची सोय काढली. आपण रशियाकडून तेल घेतलं भरपूर, पण रशियाने आपल्याकडून घेतलं थोडं. मे २०२३ मध्ये त्यांचे परराष्ट्रमंत्री लावरोव गोव्यात येऊन म्हणाले की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत, ते वापरायचे कसे हा प्रश्न आहे. किराणा दुकानदार दोन रुपये सुट्टे नाहीत म्हणून चॉकलेट देतो, तसं हे. शंभर चॉकलेटं साठली म्हणून त्याच दुकानात साखर मिळत नाही. कुठलंही चलन चालतं ते समोरच्याला त्यातून पुढे काहीतरी घेता येईल या भरवशावर. वर्गात हे मी 'पैसा हा सामाजिक करार आहे' असं जड करून शिकवतो. आप्पांना चॉकलेटवर समजलं.

डॉलरचा हा भरवसा अजून किती आहे, त्याला एकच दाखला पुरे. स्वित्झर्लंडमधल्या बासेलला बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स आहे, मध्यवर्ती बँकांची बँक. ती दर तीन वर्षांनी जगातल्या चलनबाजाराची मोजणी करते. एप्रिल २०२५ च्या मोजणीत रोजची उलाढाल ९.६ लाख कोटी डॉलर निघाली आणि त्यातल्या ८९ टक्के व्यवहारांत एका बाजूला डॉलर होता. २०२२ मध्ये हा आकडा ८८ होता. मरायला टेकलेला रोगी तीन वर्षांत एक टक्का वजन वाढवून बसलाय. रुपयाचे दिरहम करायचे तरी बँका बहुतेक वेळा मधे डॉलर घालतात, कारण दोन्ही बाजूंना गिऱ्हाईक तिथेच सापडतं.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर मेसेजवाल्यात आणि माझ्यात फरक काय. देशोदेशीच्या परकीय चलनाच्या राखीव गंगाजळीत डॉलरचा वाटा या शतकाच्या सुरुवातीला ७० टक्क्यांच्या वर होता, तो २०२५ मध्ये ५७ च्या आसपास आला. घसरण आहे, पण पंचवीस वर्षांत. या वेगाने एक रुपयाला डॉलर व्हायला आप्पांच्या पणतवंडांना कापूस सांभाळावा लागेल.

१९४७ चं तर सरळ खोटं. तेव्हा रुपया पौंडाला बांधलेला होता, एक शिलिंग सहा पेन्सला एक रुपया. पौंडाला तेरा रुपये आणि वर तिसरा हिस्सा. पौंड होता साधारण चार डॉलरला. भागा. डॉलरला सव्वातीन-साडेतीन रुपये निघतात. सप्टेंबर १९४९ च्या अवमूल्यनानंतर ४.७६ झाले, जून १९६६ मध्ये साडेसात. बाहेरचं कर्ज फारसं नव्हतं यात मात्र तथ्य आहे. उलट महायुद्धापायी ब्रिटनच आपलं शंभर कोटी पौंडांहून जास्त देणं लागत होतं. पण दर त्यावर ठरत नव्हता, लंडनला ठरत होता. ज्या गुलामीच्या दराची आठवण काढून छाती फुगवायची, तो दर तरी नीट सांगा.

पेट्रोडॉलरचं दोन ओळींत. ८ जून १९७४ ला अमेरिका आणि सौदीचा जो करार झाला तो आर्थिक सहकार्याच्या संयुक्त आयोगाचा होता. तेल फक्त डॉलरमध्येच विकू, पन्नास वर्षं विकू, असं त्यात कुठेच नाही. मग संपलं काय? सौदी रियाल आजही डॉलरला पावणेचारच्या दराने बांधलेला आहे.

स्विफ्टबद्दल एवढंच की ती बेल्जियममधली निरोप पोचवणारी यंत्रणा आहे, पैसे वाहून नेणारी नाही. यूपीआय उत्तम आहे, चहाच्या टपरीवर मी रोज वापरतो, दुबई-सिंगापुरातही काही ठिकाणी चालतं. पण जहाजभर तेलाचा व्यवहार क्यूआर कोड दाखवून होत नाही.

सोन्याचं मात्र मला नाक मुठीत धरून मान्य करावं लागेल. ज्यांनी तीन वर्षांपूर्वी जळगावच्या सराफ्यात पैसे ओतले ते आज हसतायत. २०२२, २०२३, २०२४ या तिन्ही वर्षांत मध्यवर्ती बँकांनी मिळून दरवर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. आपल्या रिझर्व्ह बँकेकडे सुमारे ८८० टन आहे. कारण उघड आहे. युक्रेनवर हल्ला झाल्यावर पाश्चात्त्य देशांनी रशियाची ३०० अब्ज डॉलरच्या आसपासची गंगाजळी गोठवली, तेव्हा बाकीच्यांच्या पोटात गोळा आला.

पण मेसेजवाल्याने आपल्याच दोन ओळी एकत्र वाचल्या नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनं पहिल्यांदा औंसाला ४,००० डॉलरवर गेलं. औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. दहा ग्रॅमचे होतात १,२८६ डॉलर. आणि एक डॉलर एक रुपया झाला तर दहा ग्रॅम सोनं १,२८६ रुपयांना! लाखाच्या वर मोजून आज घ्यायचं आणि तेराशेला विकायचं, हा याचा सल्ला. आपल्याकडे सोनं एवढं चढलं त्यात रुपया घसरण्याचाही वाटा आहे.

एवढं सगळं ऐकून आप्पा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मंग भाव कसामुये पडना?"

हा प्रश्न नोव्हेंबरमध्येच विचारला असता तर. बाहेरच्या कापसावर ११ टक्के आयात शुल्क होतं. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने ते उठवलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ही सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. त्याच ऑगस्टच्या २७ तारखेला अमेरिकेचं भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर गेलं. कापडगिरण्यांच्या ऑर्डरी अडकल्या, तेव्हा त्यांना निदान कच्चा माल स्वस्त मिळावा असा सरकारचा हिशेब. गिरण्यांच्या बाजूने तो समजण्यासारखा आहे. पण आपला कापूस बाजारात यायच्या ऐन महिन्यांत गिरणीपुढे बाहेरची स्वस्त रुई आली आणि ओसरीतल्या ढिगाचा भाव उतरला. वॉशिंग्टनचा धक्का पारोळ्यात लागतो हे नवीन नाही. १८६१ ते ६५ मध्ये तिकडे यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि युद्ध थांबताच तो आपटला होता. फक्त तेव्हाच्या शेतकऱ्याला भाव व्यापारी सांगायचा, आता बाणाची दोन चिन्हं सांगतात.

शुल्क उठल्याचा मेसेज आप्पांना एकाही ग्रुपवर आलेला नव्हता. मी विचारलं. त्यांनी सगळे ग्रुप उघडून दाखवले, तीन गावचे, दोन भावकीचे, एक भजनी मंडळाचा.

बुधवारी गाडी लावली. वेचणीच्या वेळी वहीत २८ क्विंटल लिहिलेला होता. काट्यावर २६ क्विंटल ७० किलो भरला. बाकीचा वाळून, उंदरांनी आणि मांजराने नेला. मोठी आईने ओसरी झाडली, ताडपत्री घडी करून माळ्यावर टाकली आणि आप्पांचा मोबाइल चार्जिंगला लावायला नकार दिला.