गाडी लागणारा वैमानिक

मला लहानपणापासून गाडी लागते. साताऱ्याहून बामणोलीला आजोळी निघालो, की एसटी यवतेश्वरच्या घाटाला लागण्यापूर्वीच आई माझ्या हातात आलेपाकाची वडी आणि मांडीवर प्लास्टिकची पिशवी ठेवीत असे, आणि कासचे पठार येईपर्यंत त्या पिशवीचा उपयोग होऊन गेलेला असे. फुलांसाठी लोक जिथे लांबून येतात, त्या पठारावरची माझी फुले पाहण्याची पद्धत ओणवे होऊन, गुडघ्यांवर हात ठेवून, अशी होती. असा मुलगा हवाई दलात जाणार हे जाहीर झाले, तेव्हा वडिलांनी वर्तमानपत्रातून डोके वर काढले नाही. आईने मात्र विचारले, "विमानात पिशवी देतात का रे?"

देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ पासून आमच्याच गावात असल्यामुळे पुढचा रस्ता आखलेलाच होता. शाळा झाली, खडकवासल्याच्या एनडीएतली तीन वर्षे झाली आणि हैदराबादजवळच्या दुंडिगलला, हवाई दलाच्या अकादमीत, मी एकदाचा पिलेटस या शिकाऊ विमानात बसलो. पूर्वीच्या एचपीटी-३२ मध्ये गुरुशिष्य शेजारी शेजारी बसत. पिलेटसमध्ये शिष्य पुढे आणि गुरू मागे. शिष्याचा पांढराफटक चेहरा गुरूंना दिसत नाही, ही या रचनेची मला कळलेली पहिली सोय.

पहिल्या सॉर्टीत, म्हणजे पहिल्या उड्डाणात, शिकायचे असते ते अगदी थोडे. स्टिक मागे ओढली की नाक वर जाते, बाजूला कलली की विमान कलते, आणि पायांखालच्या रडरने नाक डावीउजवीकडे फिरते. हे सर मागून करून दाखवीत होते आणि माझ्या कानातला द्रव व माझे डोळे यांचे, आपण नक्की कुठे चाललो आहोत यावरून, यवतेश्वरी भांडण सुरू झाले होते. रबराचा वास मारणारा ऑक्सिजन मास्क तोंडावर आवळलेला असताना मळमळणे म्हणजे काय, हे एसटीने मला कधी शिकवले नव्हते. तिथे निदान खिडकी तरी उघडत असे.

एवढ्यात सर म्हणाले, "यू हॅव कंट्रोल्स." मी "आय हॅव कंट्रोल्स" म्हणालो, आयुष्यात इतकी धादांत थाप मी मारलेली नाही. भरल्या एसटीत वरची दांडी धरावी तशी मी स्टिक धरली आणि विमान जत्रेतल्या घोड्यासारखे वरखाली होऊ लागले. दोन बोटांनी धर, असे सरांनी शांतपणे सांगितले. मी मूठ सैल केली, क्षितिजाकडे पाहिले, विमान सरळ झाले, आणि त्याबरोबर पोटही. चालकाला गाडी का लागत नाही, हे त्या मिनिटात कळले.

दुर्दैवाने, उतरवण्यासाठी सरांनी विमान परत आपल्या ताब्यात घेतले. घाईघाईने मास्कची एक बाजू सोडली. पिशवी देतात.

खाली उतरल्यावर उजव्या हाताने सॅल्यूट केला. डाव्या हातात काय आहे, याची चौकशी सरांनी केली नाही.

पहिल्या सुट्टीत घरी आलो, तेव्हा मावसभावाने वैमानिकाला मानाने जीपच्या मागच्या सीटवर बसवून बामणोलीला नेले. यवतेश्वरचे दुसरे वळण ओलांडण्यापूर्वीच आईने मागे न पाहता आलेपाकाची वडी पुढच्या सीटवरून माझ्याकडे सरकवली.